ट्रॅक्टर अडला असता चालकाने करावयाची तपासणी

मृगाचा पाऊस पडून गेला, जमिनीत वाफसा आला आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर सुरू होईना, हा प्रसंग आता पुष्कळ गावांच्या परिचयाचा झाला आहे. बैलजोडीच्या शेतीत एखाद्याचा बैल आजारी पडला, तर त्याची एकट्याची पेरणी खोळंबत असे. ट्रॅक्टर बहुधा भाड्यानेही चालतो. तो अडला म्हणजे दहा-पंधरा कुटुंबांची पेरणी खोळंबते. वाफसा तर दोन-चार दिवसांचाच असतो. तेवढ्या अवधीत तालुक्याहून मिस्त्री येईलच याची शाश्वती नसते, कारण त्या आठवड्यात त्याला चहूकडून बोलावणे असते.

तथापि, ऐन हंगामात बंद पडलेल्या ट्रॅक्टरांपैकी पुष्कळांमध्ये एकही भाग मोडलेला नसतो. कोठे कचरा अडकलेला असतो, कोठे डिझेलमध्ये पाणी किंवा हवा शिरलेली असते, तर कोठे बॅटरीची तार सैल झालेली असते. असे दोष चालकाला स्वतः शोधून काढता येतात. त्यासाठी लागतात चार पाने, एक स्वच्छ फडके आणि क्रमाने विचार करण्याची सवय. यांपैकी शेवटची गोष्टच दुर्मिळ आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका गावी पाहिलेली हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. ट्रॅक्टर सकाळी चांगला सुरू होई, अर्धा-पाऊण तास पेरणी करी, मग दम सोडल्यासारखा मंद होऊन बंद पडे. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई आणि पुन्हा तसाच थांबे. मालकाने डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल तपासून आणले; तरीही गुण येईना. यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी एका वयस्कर चालकाने टाकीचे झाकण सैल केले. फुस्स असा आवाज झाला आणि दोष सापडला. झाकणाला हवा आत येण्यासाठी एक बारीक छिद्र असते; ते चिखलाने बुजले होते. टाकीतून डिझेल जसजसे बाहेर जाई, तसतशी आत हवेची ओढ निर्माण होऊन डिझेलचा प्रवाह थांबत असे. छिद्र एका काडीने मोकळे झाले. खर्च काहीच आला नाही, मात्र तीन दिवसांचा वाफसा हातचा गेला.

इंजिन कशावर चालते

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. सिलिंडरात ओढलेली हवा दट्ट्याने मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की, नोझलमधून उडालेला डिझेलचा सूक्ष्म फवारा आपोआप पेट घेतो. म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी हव्यात: भरपूर व स्वच्छ हवा, पाणी व हवा यांपासून मुक्त असे डिझेल आणि हवा जोराने दाबली जाण्याजोगी गती. इंजिन सुरू होत नसेल किंवा ताकद देत नसेल, तर या तिहींपैकी काय कमी पडते, हा पहिला प्रश्न चालकाने स्वतःस विचारावा.

सुरू होत नसेल तर

प्रथम पाहावे ते हे की, सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते की नाही. फिरतच नसेल, तर डिझेलच्या नळ्यांना हात लावू नये. दोष विजेच्या बाजूस आहे. पुढचे दिवे लावून मग सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमलेली असते. दिवे जसेच्या तसे राहिले आणि आवाजही झाला नाही, तर स्विच, तार किंवा सेल्फकडे जाणारे जोड पाहावेत. नव्या ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये अशी योजना असते, हेही ध्यानात ठेवावे. बॅटरीची टोके गरम पाण्याने व खाण्याच्या सोड्याने साफ करावीत. सोड्याचे पाणी घरांत जाऊ देऊ नये. तारा काढताना अर्थची तार प्रथम काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरीतून स्फोटक वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ बिडी ओढू नये किंवा पान्याने ठिणगी पाडून ती तपासू नये.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी सायलेन्सरकडे पाहावे. मुळीच धूर येत नसेल, तर डिझेल सिलिंडरापर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण जळत नाही. थंडी, मंद गती किंवा कमी दाब हे त्याचे कारण असते. धूरच नसेल, तर सर्वांआधी इंजिन बंद करण्याची दांडी ओढलेली राहिली नाही ना, हे पाहावे. हे वाचून हसू येईल. परंतु या एका कारणासाठी मिस्त्री दहा मैलांवरून आल्याचे प्रसंग आहेत. त्यानंतर टाकीतील डिझेल, टाकीची तोटी, झाकणाचे छिद्र व फिल्टर हा क्रम ठेवावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये, आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये मिनिटभर थांबावे. सतत सेल्फ मारून चांगली बॅटरी उतरवणे म्हणजे एका दोषाचे दोन करणे होय.

‘एअर घेतली’ म्हणजे काय

टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली, फिल्टर बदलला किंवा नळीचा जोड सैल झाला की, डिझेलच्या मार्गात हवा शिरते. आपल्याकडील चालक याला ‘एअर घेतली’ म्हणतात. डिझेल दाबले जात नाही, हवा मात्र दबते. त्यामुळे पंपाचा जोर हवेचा बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो आणि नोझल उघडत नाही.

हवा काढण्याची रीत सोपी आहे. टाकीची तोटी उघडावी. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप चालवावा. प्रारंभी फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे थांबून अखंड धार येऊ लागली की, हातपंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. दोन फिल्टर असतील, तर टाकीकडील फिल्टर आधी घ्यावा. नंतर हीच कृती पंपावरील स्क्रूशी करावी. एवढ्यानेही इंजिन सुरू न झाल्यास जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरांत नोझलकडील नट किंचित सैल करून सेल्फ मारतात. मात्र त्या वेळी हात व तोंड दूर ठेवावे. नोझलमधून जोराने उडणारे डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास दुखत नसले तरी विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

नव्या ट्रॅक्टरांविषयी येथेच एक सूचना करणे अवश्य आहे. ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे कडक नियम लागू झाले. अशा नव्या यंत्रांपैकी अनेकांत ‘कॉमन रेल’ पद्धत असते. तीत डिझेलचा दाब मागच्या टायरातील हवेच्या दाबाच्या हजारपटीच्या वर जातो. अशा इंजिनाच्या दाबनळ्यांचे नट चालकाने कोणत्याही परिस्थितीत सैल करू नयेत.

पुन्हा पुन्हा ‘एअर’ येत असेल, तर ती काढत बसण्यात अर्थ नाही. कोठे तरी वॉशर दबलेले किंवा रबरी नळी चिरलेली असते. टाकीपासून आरंभ करून एकेक जोड कोरडा पुसावा आणि ओल कोठे दिसते ते पाहावे.

डिझेलमधील पाणी

पिंपात साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी कोठून येते, असे शेतकरी बंधू विचारतात. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते तेव्हा आतील हवेतील दमटपणा दवाप्रमाणे पत्र्यावर जमतो व तळाशी उतरतो. म्हणून टाकी सकाळी भरण्याऐवजी काम संपल्यावर सायंकाळी भरावी. पिंप किंचित कलते ठेवावे, भरल्यावर ते हलवू नये आणि अगदी तळाचे डिझेल काढू नये. फिल्टरच्या भांड्यातील पाणी दर आठवड्यास, व पावसाळ्यात त्याहून लवकर, खालचा स्क्रू सैल करून सोडावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रत्यक्ष दाखवावे. टाकीच्या तळाचे थोडे डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवले की, पाणी व गाळ खाली बसतो. व्याख्यानापेक्षा ही बाटली अधिक काम करते, असा आमचा अनुभव आहे.

हवा आणि धूळ

एक लिटर डिझेल जाळण्यास सुमारे १०,००० लिटर हवा लागते. तासाला ४ लिटर डिझेल घेणारा ट्रॅक्टर आठ तासांत ३ लाख लिटरांहून अधिक हवा ओढून घेतो, आणि उन्हाळी नांगरटीत ही हवा म्हणजे धुळीचा लोटच असतो. धुळीतील वाळूचे कण सिलिंडर व रिंगा सहाणेप्रमाणे घासतात. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते वर्षा-दोन वर्षांनी निळ्या धुराच्या रूपाने दिसते, आणि तोपर्यंत इंजिन उघडण्याची वेळ आलेली असते.

एअर क्लीनर तेलाचा असल्यास धुळीच्या दिवसांत रोज काम सुरू करण्यापूर्वी त्याचे भांडे काढून पाहावे. तळाशी चिखल जमला असेल किंवा तेल दाट झाले असेल, तर भांडे धुऊन खुणेपर्यंत नवे तेल घालावे. इंजिनातून काढलेले जुने तेल येथे वापरू नये. खुणेच्या वर तेल भरणेही चुकीचे आहे, कारण जादा तेल इंजिनात ओढले जाते. कागदी फिल्टर असल्यास तो हलके झटकावा किंवा आतून बाहेर अशी मंद हवा मारावी. पाण्याने धुऊ नये, आणि चिरलेला फिल्टर टाकून द्यावा. एअर क्लीनर व इंजिन यांमधील रबरी नळी चिरली असेल, तर वरची सगळी काळजी व्यर्थ होय.

धुराची भाषा

काम करताना दिसणारा काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त झाल्याची खूण. एअर क्लीनर तुंबला आहे, अवजार ताकदीबाहेर खोल गेले आहे किंवा नोझल खराब झाले आहे. पहिल्या दोन गोष्टी चालकाने पाहाव्यात, तिसरी मिस्त्रीवर सोपवावी. निळा धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळत आहे. पहाटेच्या गारठ्यात थोडा वेळ दिसणारा पांढरा धूर चिंतेचा नाही. परंतु इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असण्याचा संभव आहे.

ताकद वाढावी म्हणून पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेण्याची चाल काही ठिकाणी पडली आहे. तिच्यामुळे धूर व डिझेलचा खर्च दोन्ही वाढतात आणि इंजिन तापते. हा उद्योग करू नये.

तापणे आणि तेल

इंजिन तापू लागल्यास अवजार उचलून भार काढावा, दोन-तीन मिनिटे मंद गतीने चालू ठेवून मग बंद करावे. पाण्याचा किंवा वाफेचा लोट बाहेर येत असल्यास मात्र लगेच बंद करावे. रेडिएटरचे झाकण तत्काळ उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, त्याने हेड तडकते. निवल्यावर प्रथम रेडिएटरची जाळी पाहावी. मळणीच्या व रोटाव्हेटरच्या कामात ती भुसकटाने व पाचोळ्याने लिंपली जाते, आणि तापण्याचे अर्धे दोष तेथेच मिळतात. मग पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबावा. तो साधारण अर्धा इंच दबावा. विहिरीचे जड पाणी वारंवार भरल्याने आत क्षार बसतो, म्हणून कूलंटच वापरावे. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्याने इंजिन कायम थंड राहते व लवकर झिजते.

तेलाची पातळी रोज सकाळी, सपाट जागी, इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहावी. ती कमी झाली तर सर्वांच्या लक्षात येते. वाढली तर मात्र चालक निश्चिंत होतो. ‘आमचे इंजिन तेल खात नाही, उलट वाढतेच,’ असे एकाने आम्हांस अभिमानाने सांगितले होते. ते वाढलेले तेल नव्हते, त्यात डिझेल झिरपत होते. पट्टीवरील थेंब पातळ असून त्यास डिझेलचा वास येत असेल, किंवा तेल दुधाळ दिसत असेल, तर इंजिन सुरूच करू नये. तसे तेल बेअरिंगना वंगण देत नाही आणि एका दिवसाच्या कामात क्रँक खराब होऊ शकतो. चालू असताना तेलाच्या दाबाचा दिवा लागला, तर तास पुरा करण्याच्या मोहात न पडता त्याच जागी इंजिन बंद करावे.

मिस्त्रीला निरोप देताना

पंप, नोझल, हेड, गिअर व हायड्रॉलिक यांचा अंतर्भाग शेतात उघडू नये. तेथे धूळ जाऊन मूळ दोषापेक्षा मोठा दोष होतो. परंतु मिस्त्रीला ‘ट्रॅक्टर बंद आहे’ एवढाच निरोप पाठवू नये. सेल्फ फिरतो की नाही, धूर कोणत्या रंगाचा येतो, बंद पडण्यापूर्वी गती हळूहळू कमी झाली की एकाएकी गेली, तासमापकावर किती तास झाले, शेवटचे तेल व फिल्टर केव्हा बदलले आणि आपण आतापर्यंत काय काय तपासले, इतके कळविले म्हणजे तो लागणारे सुटे भाग बरोबर घेऊन येतो आणि त्याची एक खेप वाचते. याकरिता एक वही ट्रॅक्टरच्या पेटीत पानांसोबत ठेवावी, आणि तेल, फिल्टर व पट्टा बदलल्याचे तास तीत त्याच दिवशी लिहावेत.

ज्या तरुणांना हे काम पद्धतशीर शिकावयाचे असेल, त्यांच्यासाठी मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची शेती यंत्रांचे प्रशिक्षण व परीक्षण करणारी संस्था आहे. तिचा आरंभ १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र म्हणून झाला. गावातील भाड्याच्या ट्रॅक्टरांवर काम करणाऱ्या मुलांची नावे कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच काढून ठेवावीत, आणि रोहिणीच्या आत एका दुपारी, एखाद्या झाडाखाली, एअर क्लीनर उघडणे व हवा काढणे या दोन गोष्टी त्यांच्या स्वतःच्या हातून करवून घ्याव्यात.