दिल्लीचे घड्याळ आणि सापेक्षता : चार गैरसमज

भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियमच्या आण्विक घड्याळांवर राखली जाते. सीझियम अणूच्या एका विशिष्ट प्रारणाची 9,19,26,31,770 आंदोलने पूर्ण होण्यास लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. इतक्या सूक्ष्म मापनात सापेक्षतेचा विचार अटळ ठरतो, तरीही या सिद्धान्ताविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : स्थिर वस्तू खरोखरच स्थिर असते.
वस्तुस्थिती : गती नेहमी कोणत्या तरी संदर्भचौकटीत, म्हणजे ज्या ठिकाणाहून मोजमाप होते त्याच्या तुलनेत सांगावी लागते. दिल्ली–मेरठ मार्गावर ताशी 160 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या ‘नमो भारत’ गाडीतील शेजारचे दोन प्रवासी परस्परांच्या दृष्टीने स्थिर असतात, फलाटावरील माणसाला ते वेगाने जाताना दिसतात आणि तो फलाटही पृथ्वीच्या परिवलनामुळे तिच्या अक्षाभोवती ताशी सुमारे 1,470 किलोमीटर वेगाने फिरत असतो.

गैरसमज : गतीमुळे घड्याळ मंदावते, म्हणजे त्यात बिघाड होतो.
वस्तुस्थिती : प्रकाशाचा निर्वातातील वेग, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर, प्रत्येक निरीक्षकाला सारखाच आढळतो, हे आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये गृहीततत्त्व म्हणून स्वीकारले. गाडीत दोन आरशांमध्ये वरखाली जाणारा प्रकाशकिरण प्रवाशाला सरळ उभा जाताना दिसतो, पण फलाटावरून पाहणाऱ्यास तो तिरप्या, अर्थात अधिक लांबीच्या मार्गाने जाताना दिसतो. वेग तोच असल्यामुळे त्या फेरीला त्याच्या मोजणीनुसार जास्त वेळ लागतो. यालाच कालविस्तार म्हणतात. तो गाडीतील प्रत्येक प्रक्रियेला, हृदयाच्या ठोक्यांनाही, सारखाच लागू असल्याने प्रवाशाला स्वतःचा काळ मंदावल्याचे कधीच जाणवत नाही.

गैरसमज : हा परिणाम केवळ प्रकाशाच्या जवळपासच्या वेगालाच होतो.
वस्तुस्थिती : तो प्रत्येक वेगाला होतो, मात्र नेहमीच्या वेगांना अत्यल्प असतो. ‘नमो भारत’च्या वरील वेगाला, फलाटावरून मोजल्यास, तासाभरात सुमारे 40 पिकोसेकंदांचा फरक पडतो आणि एवढ्या काळात प्रकाश जेमतेम सव्वा सेंटिमीटर पुढे जातो. हाफेले आणि कीटिंग यांनी 1971 मध्ये विमानांतून आण्विक घड्याळे पृथ्वीभोवती नेली, तेव्हा असा सूक्ष्म फरक प्रत्यक्ष मोजता आला.

गैरसमज : काळाची गती फक्त वेगावर अवलंबून असते.
वस्तुस्थिती : गुरुत्वाकर्षणाचाही तिच्यावर परिणाम होतो. 72.5 मीटर उंचीच्या कुतुबमिनारच्या माथ्यावरील घड्याळ पायथ्यावरील घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे पाव मायक्रोसेकंद पुढे जाईल. जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे वेगामुळे दिवसाला सुमारे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात, तर क्षीण गुरुत्वामुळे सुमारे 45 मायक्रोसेकंद पुढे जातात. उरलेल्या 38 मायक्रोसेकंदांत प्रकाश 11 किलोमीटरहून अधिक अंतर कापतो, म्हणूनच या घड्याळांची वारंवारता उड्डाणापूर्वीच त्या प्रमाणात कमी ठेवली जाते. दिल्लीतल्या रस्त्यावर मोबाईलने दाखवलेले ठिकाण बरोबर येते, त्यामागे सापेक्षतेचे हेच गणित आहे.