नामंजूर फाइलचे वाचन

मध्य रेल्वेच्या लोकलने मुंबई-ठाण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या कुटुंबांनी बदलापूर पश्चिमेतील बेलवलीत घर घ्यायचे ठरवले, की बहुतेकांचा व्यवहार गृहकर्जावरच उभा राहतो. त्यामुळे बँकेने फाइल परत केली, तर दुसरी बँक शोधण्याआधी ती का परत आली हे समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. कर्ज नाकारताना मुख्य कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत, असा रिझर्व्ह बँकेचा 2007 पासूनचा निर्देश आहे. पण शाखेत बहुधा ‘होत नाही’ एवढेच तोंडी सांगितले जाते आणि अर्जदारही संकोचून निघून येतो. हे लेखी उत्तर त्याने मागितलेच पाहिजे, कारण पुढचा सारा मार्ग त्या कारणावरून ठरतो.

कारण माणसाशी संबंधित असेल, तर त्यावर बहुतेक वेळा उपाय असतो. दरमहा 35,000 रुपये हातात येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दुचाकीचे आणि मोबाइलचे मिळून 6,000 रुपयांचे हप्ते चालू असतील आणि बँक सर्व हप्त्यांसाठी उत्पन्नाचा निम्मा भाग धरत असेल, तर नव्या हप्त्यासाठी 11,500 रुपयेच उरतात व 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी पावणेतेरा लाखांच्या आसपास कर्ज बसते. अशा वेळी लहान कर्जे आधी फेडणे किंवा कमावत्या पत्नीला सहकर्जदार करणे उपयोगी पडते. सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून 300 ते 900 या पट्टीत दिला जाणारा गुणांक कमी असेल, तर वर्षातून एकदा मोफत मिळणारा संपूर्ण अहवाल ओळीने वाचावा. फेडलेले कर्ज चालू दिसत असल्यास तक्रार नोंदवता येते, आणि 30 दिवसांत तिचे निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. ‘सेटल्ड’ हा शेरा मात्र चांगला नव्हे. थकबाकी पूर्ण न घेता तडजोडीने खाते मिटवले, असा त्याचा अर्थ होतो.

पगारपत्रक नसलेल्या रिक्षाचालकासाठी किंवा भाजीविक्रेत्यासाठी गृहवित्त कंपन्या हा खरा आधार आहे. 2019 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली असलेल्या या कंपन्यांपैकी काहींचे प्रतिनिधी धंद्याच्या जागी येऊन खरेदीची बिले, वहीतील रोजची विक्री आणि शेजारच्या दुकानदारांचे सांगणे पडताळून उत्पन्न ठरवतात. हे कष्टाचे काम आहे, आणि त्याची किंमत व्याजदरात लागते: 20 लाखांवर 20 वर्षांसाठी 9 टक्क्यांऐवजी 12 टक्के दर पडल्यास हप्ता सुमारे 18,000 रुपयांवरून 22,000 रुपयांवर जातो आणि मुदतीअखेर साडेनऊ लाखांहून अधिक रक्कम जास्त भरली जाते. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसल्याने, काही वर्षे नियमित हप्ते भरून ते कर्ज बँकेकडे वळवण्याची वाट मोकळी राहते.

घरामुळे आलेला नकार वेगळा असतो. फाइल ‘लीगल’ला अडकली, म्हणजे बँकेच्या वकिलाला मालकीहक्काच्या साखळीत दुवा तुटलेला आढळला: सातबाऱ्यावरील एखाद्या वारसाची विकासकरारावर सही नसते, बिगरशेतीचा आदेश मिळत नाही किंवा आधीच्या खरेदीचा दस्त हरवलेला असतो. ‘टेक्निकल’ला अडकली, तर मूल्यांकनकाराने मंजूर नकाशा हातात घेऊन इमारत पाहिलेली असते आणि नकाशात चार मजले असताना जिन्याने पाचव्यावर पोहोचता आलेले असते. 2005 आणि 2019 च्या जुलैमध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापूर पश्चिमेत शिरले होते, म्हणून नदीकडच्या भागात निळ्या पूररेषेचीही चौकशी होते. ही तपासणी बँक स्वतःच्या पैशासाठी करते खरी, परंतु तिचा सर्वांत मोठा लाभ खरेदीदाराला होतो. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा नगरपरिषदेचा दाखला, नसतानाही ‘आमच्याकडे होऊन जाईल’ म्हणणाऱ्या एजंटकडे जाणे धोक्याचे आहे.

अशा नकारानंतर अडकलेली इसाऱ्याची रक्कम हीच मोठी चिंता असते. रेरा कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत कराराशिवाय विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पुनर्विक्रीच्या घराला हे संरक्षण नाही, त्यामुळे कागदपत्रांतील दोषामुळे कर्ज नाकारले गेल्यास इसारा पूर्ण परत मिळेल, ही अट इसारपावतीवरच लिहून घ्यावी लागते.