'पास आउट' झालात की पडलात?

'आय पास्ड आउट इन 2019.' नोकरीच्या मुलाखतीत आपली मुलं हे वाक्य सहज बोलून जातात. सांगायचं असतं, 2019 साली पदवी मिळाली. समोर अमेरिकन बसला असेल, तर त्याला ऐकू येतं, '2019 साली मी बेशुद्ध पडलो'. तिकडे 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हानं, अशक्तपणानं, नाहीतर पार्टीत जरा जास्त झाल्यानं.

साध्या क्रियापदाला आउट, अप, ऑफ असं शेपूट लागलं की इंग्रजीत अर्थ भलतीकडेच जातो. अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. 'तो नसता घोळ करून बसला' म्हणताना आपल्याकडेही कोणी बसलेलं नसतं.

आपल्या अर्थाचं मूळ ब्रिटिश लष्करी वापरात दिसतं. प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं या अर्थी 'पास आउट' ब्रिटिश शब्दकोशांत आजही आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षातून दोनदा 'पासिंग आउट परेड', म्हणजे दीक्षान्त संचलन होतं. तीन वर्षांचं प्रशिक्षण संपवलेले छात्र खेत्रपाल मैदानावरून संचलन करत बाहेर पडतात.

ब्रिटनमध्ये या अर्थी हा शब्द मुख्यतः लष्कर, पोलीस, अग्निशमन दल यांच्यापुरता राहिला. आपल्याकडे तो इंजिनिअरिंग कॉलेजपासून आयटीआयपर्यंत सगळीकडे पोचला. परीक्षेत 'पास होणं' आधीच अंगवळणी पडलेलं. त्यामुळे 'पास होऊन बाहेर' हा अर्थ चपखल बसला. आता तर त्याचं नामही झालंय. 'फक्त 2024 पासआउट' असं नोकरीच्या जाहिरातीत सर्रास छापून येतं.

तिसरा अर्थ वाटण्याचा. 'पास आउट द पेपर्स' म्हणजे कागद वाटा. इथे कर्म लागतं आणि सर्वनाम आलं तर ते मधोमध बसतं: 'पास देम आउट'. बेशुद्ध पडण्याला किंवा प्रशिक्षण संपवण्याला कर्म नसतं. 'पास अवे'शी मात्र गल्लत नको. तो निधनासाठीचा सौम्य शब्दप्रयोग आहे.

भारतात 'पास आउट' कुणाला खटकत नाही, खुशाल वापरा. बायोडेटा परदेशी जाणार असेल, तर पदवीसाठी 'ग्रॅज्युएटेड' आणि अभ्यासक्रमासाठी 'कम्प्लिटेड' लिहा. खडकवासल्याच्या छात्रानं लंडनमध्येही 'पास्ड आउट' म्हणायला हरकत नाही.