सुट्टी कोणाची?

14 एप्रिलला सरकारी सुट्टी असते, मग आमच्या दुकानात का नाही, हा प्रश्न कार्यकर्त्यांना दरवर्षी ऐकावा लागतो. ती सुट्टी 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याखाली जाहीर होते. बँका व सरकारी कचेऱ्या तिने बंद राहतात. खासगी मालक तिने बांधला जात नाही.

त्याला बांधतो तो महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा. वर्षाला आठ पगारी सुट्ट्या; पैकी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर कायद्यानेच ठरवलेल्या. उरलेल्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. खरी मेख इथेच आहे. मालक गणपती-दिवाळीची यादी भिंतीला लावून मोकळा होतो आणि आमची माणसे एप्रिल उजाडल्यावर जागी होतात! भीमजयंती, बुद्धपौर्णिमा हवी असेल तर डिसेंबरातच, सह्यांनिशी, लेखी मागितली पाहिजे. या आठ दिवशी कामावर बोलावले तर दुप्पट मजुरी आणि शिवाय बदली रजा. दोहोंपैकी एक देऊन भागत नाही.

रविवारसुद्धा कोणी आपणहून दिला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी तो 1890 साली मिळवला. कारखान्यांतील पगारी रजा कायद्यात आली 1945 साली, बाबासाहेब मजूर खाते सांभाळत असताना.

मात्र 2017 च्या मूळ कायद्याने हे हक्क दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतेच ठेवले. चार पोऱ्यांच्या हॉटेलात कपबशा विसळणाऱ्याला या आठांतला एकही दिवस या कायद्याखाली मागता येत नाही. आमची कितीतरी पोरे तिथेच आहेत.