दुसरं कडवं

मंगळवारची संध्याकाळ. यॉर्कशरमधल्या एका गावातला पब. मंगळवारी एरवी रिकामा असतो म्हणे. आज उभं राहायलाही जागा नाही. डार्ट्सच्या फळ्याखाली कुणीतरी कीबोर्ड मांडतंय. टेबलांवर बिअरच्या ग्लासांशेजारी गाण्यांचे झेरॉक्स कागद पडलेत, त्यांवर ओले गोल आधीच उमटलेत.

काउंटरला टेकून उभी असलेली बाई गावच्या अँग्लिकन चर्चची व्हिकर आहे. अंगात जीन्स आणि जाड स्वेटर. धर्मगुरूची खूण म्हणून गळ्यातली पांढरी पट्टी तेवढी. प्रवचन नाही, दानाची थाळी नाही. ती नुसती ओरडते, "पुढचं कुठलं?" कोपऱ्यातून कुणीतरी आकडा फेकतं, की कीबोर्ड सुरू.

'बिअर अँड हिम्स'चा, म्हणजे बिअर पीत चर्चची भक्तिगीतं गाण्याचा, हा प्रकार २००६ साली ग्रीनबेल्ट या ख्रिस्ती कलामहोत्सवात सुरू झाला आणि मग पबांमध्ये पसरला. चर्चला त्याची गरज का वाटते, हे जनगणनेत दिसतं. २०११ मध्ये इंग्लंड-वेल्समधले ५९.३ टक्के लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, २०२१ मध्ये ४६.२ टक्के.

'अबाइड विथ मी' हे भक्तिगीत सुरू होतं. सगळ्यात मोठा आवाज लागतो फुटबॉलचे स्कार्फ घातलेल्या पोरांचा. एफए कप या इंग्लिश फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी हे गीत १९२७ पासून गायलं जातं; पोरांचं चर्च तेच. शेजारच्या साठीतल्या बाई कागदाकडे बघतही नाहीत. "शाळेत रोज सकाळी गायचो," त्या मला सांगतात. शेवटच्या उपासनेला कधी गेल्या होत्या, ते त्यांना आठवत नाही. नव्या माणसांसाठी मांडलेल्या या बैठकीतल्या चाली मुळीच नव्या नाहीत.

दुसऱ्या कडव्याला मात्र पोरांचा आवाज बसतो. ओठ हलतात, कागदांची शोधाशोध होते. व्हिकर एकटी कडवं ओढून नेते.

टाळ्या पडतात. स्कार्फवाल्यांपैकी एकजण तिच्यासमोर येऊन उभा राहतो. "आधीच सांगतो, माझा देवावर विश्वास नाही. रविवारी बोलावू नका."

"रविवारचं कुणी काढलं?" ती म्हणते. "पुढच्या महिन्यात दुसरं कडवं पाठ करून ये. सगळा भार माझ्यावर टाकलास."

तो खो खो हसतो आणि काउंटरकडे वळतो. "यांना काय हवं ते द्या. पैसे माझ्याकडून."