औंधचे नमस्कार आणि लंडनची काळोखी सकाळ



आपल्या बेटावरून इंग्लंडला गेलेल्या मुलामुलींकडून घरच्यांना एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे तिथल्या काळोखाची. डिसेंबरात लंडनला सकाळी आठ वाजल्याखेरीज सूर्य उगवत नाही आणि दुपारचे चार वाजण्याआधीच तो मावळतो. त्याच दिवसांत आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि नऊ वाजेपर्यंत अंगणात पाय ठेववत नाही. एकेकाळी आपल्या मुली नर्सिंग शिकायला तिकडच्या इस्पितळांत गेल्या, आता मुले हिशेबनिशी, वकिली, संगणक शिकायला जातात. जाताना पेटीत लोणचे, मसाला आणि गणपतीची तसबीर असते. लहानशा खोलीत, परक्या भाषेत, परक्या लोकांत वावरताना लागणारे मनाचे बळ मात्र पेटीत भरता येत नाही. मग कोणी कराटेच्या वर्गाला नाव घालतो, कोणी ध्यानाच्या. दोन्ही चांगलेच. पण शरीर आणि मन यांना एकाच वेळी कामाला लावणारी एक गोष्ट आपल्या घरात आधीपासून आहे, आणि एका मराठी राजाने ती लंडनकरांना नव्वद वर्षांपूर्वी दाखवली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

सातारा जिल्ह्यातील औंध हे लहानसे संस्थान. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८चा, आणि १९०९ साली ते गादीवर आले. माणूस मोठा हरहुन्नरी होता. चित्रे काढी, कीर्तन करी, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामालाही त्यांनी मोठे साहाय्य केले. तरुणपणी मात्र त्यांना वेड होते ते सँडोचे. युजिन सँडो हा जन्माने प्रशियन पहिलवान लंडनला येऊन जगप्रसिद्ध झाला होता. पीळदार दंडांचे त्याचे फोटो आणि त्याची व्यायामाची उपकरणे देशोदेशी जात. (मुंबईच्या दुकानात बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकाला अजून सँडोच म्हणतात, एवढे त्याचे नाव आपल्यात मुरले आहे.) बाळासाहेबांनी सँडोची उपकरणे मागवून वर्षानुवर्षे मन लावून त्याच पद्धतीने व्यायाम केला.

अंगावर स्नायू चढले. पण राजेसाहेबांचे समाधान होईना. मिरज संस्थानचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन नेमाने सूर्यनमस्कार घालत. त्यांचे पाहून १९०८च्या सुमारास औंधच्या बाळासाहेबांनी डंबेल बाजूला ठेवले आणि नमस्कार धरले, ते शेवटपर्यंत. नमस्कार काही त्यांनी शोधून काढले नव्हते. समर्थ रामदास टाकळीला रोज बाराशे नमस्कार घालत असे परंपरा सांगते, आणि आखाड्यातले जोर तर नमस्काराचे सख्खे भाऊच. राजेसाहेबांनी केले ते असे, की त्यांना शिस्त लावली, संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना सक्तीने शिकवले, आणि १९२८ साली त्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. राणीसाहेबही नमस्कार घालत. बायकांचे हे काम नव्हे असे म्हणणाऱ्यांना त्याहून दुसरे उत्तर द्यावे लागले नाही.

१९३६ साली राजेसाहेब इंग्लंडला आले तेव्हा त्यांचे वय अडुसष्टच्या घरात होते. लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या लेखिका लुईझ मॉर्गन यांनी त्यांची गाठ घेतली, नमस्कार समजून घेतले आणि आपल्या वाचकांना, त्यातही गृहिणींना, ते ओळीने लेख लिहून सांगितले. पुढे १९३८ साली डेंट या लंडनच्या प्रकाशकांनी ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ या नावाने पुस्तक काढले. त्याचे संपादन आणि प्रस्तावना मॉर्गनबाईंचीच. ज्या शहरातून सँडोची कीर्ती औंधला पोहोचली, त्याच शहरात औंधचा नमस्कार छापून निघाला. मला ही घटना फार आवडते.

आता हे ‘टेन पॉइंट’ काय ते पाहू. नमस्काराच्या दहा अवस्था. हात जोडून ताठ उभे राहणे, वाकून तळवे जमिनीला टेकणे, एक पाय मागे, मग दुसरा, मग साष्टांग, छाती वर उचलून पाठीची कमान, कंबर वर, आणि त्याच वाटेने परत उभे. प्रत्येक अवस्थेला श्वासाचा हिशेब असतो. छाती उघडते तेव्हा श्वास आत येतो, पोट दाबले जाते तेव्हा बाहेर जातो. नमस्कार सुरू करताना ओंकार, एक बीजाक्षर आणि सूर्याचे एक नाव. बीजे सहा, ह्रां ह्रीं ह्रूं ह्रैं ह्रौं ह्रः. नावे बारा, मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सविता, अर्क, भास्कर. बीजांच्या उच्चाराने घसा, छाती आणि पोट यांत कंप उठतो, असे राजेसाहेबांनी स्पष्टीकरण दिले आहे. शरीरशास्त्राच्या कसोटीला ते कितपत उतरते हा वाद बाजूला ठेवा. एवढे मात्र कोणीही स्वतः करून पाहू शकतो, की तोंडी नाव, छातीत श्वास आणि हातपाय जमिनीवर अशी तिन्ही कामे एकदम चालू असली, की उद्याच्या परीक्षेची किंवा कालच्या अपमानाची काळजी शिरायला मनात जागाच उरत नाही. ध्यान म्हणतात ते यापेक्षा फार वेगळे नाही. फरक एवढाच, की मांडी घालून डोळे मिटले की नवशिक्याचे मन सैरावैरा पळते, आणि इथे त्याला पळायला सवड मिळत नाही.

पण विलायतेने यातले काय घेतले? बव्हंशी शरीर घेतले. याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यामुळे ते १९५४ साली प्रथम लंडनला गेले, आणि १९६९ साली तिथल्या शिक्षण प्राधिकरणाने प्रौढांच्या वर्गांत त्यांच्या पद्धतीच्या योगाला मान्यता दिली. अट अशी, की आसने आणि प्राणायाम शिकवा, योगाचे तत्त्वज्ञान नको. सरकारी पैशाच्या वर्गात धर्म नको, ही त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. तरी फळ घेऊन रस टाकावा तसे हे झाले.

गंमत अशी, की याच लंडनमध्ये जपानी कुस्तीच्या वाटेने काही इंग्रजांना तो रस सापडला. पहिल्या महायुद्धाआधी ईडिथ गॅरड नावाच्या, उंचीने पाच फूटही न भरणाऱ्या बाईंनी मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना जुजुत्सूचे डाव शिकवले, ते पोलिसांच्या धरपकडीतून आपल्या पुढारी पंखर्स्टबाईंना वाचवता यावे म्हणून. १९१८ साली गुंजी कोइझुमी यांनी लंडनला ‘बुडोक्वाय’ ही संस्था काढली. तिथे ज्यूडो शिकलेल्यांत ट्रेव्हर लेगेट (१९१४–२०००) हे एक. पुढे ते बीबीसीच्या जपानी विभागाचे प्रमुख झाले. हा कडक शिस्तीचा ज्यूडोपटू लंडनच्या ‘शांतिसदन’चे संस्थापक हरिप्रसाद शास्त्री यांचा शिष्य होता, अद्वैताचा अभ्यास करी, आणि योगसूत्रांवरील शंकराचार्यांच्या नावे असलेल्या विवरणाचे भाषांतरही त्यांनी केले. दिवसा आखाडा आणि संध्याकाळी वेदान्त. लेगेटना ही दोन कामे वेगळी वाटली नाहीत. आपल्या मारुतीच्या देवळाशेजारी तालीम असते, त्यातले मर्म हेच.

१९६९ ते १९७२ या काळात लंडनला भारताचे उच्चायुक्त होते आप्पासाहेब पंत, म्हणजे औंधच्या त्याच राजेसाहेबांचे चिरंजीव. शिक्षण ऑक्सफर्डचे. त्याआधी नैरोबीत राहून पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या लोकांचे प्रश्न त्यांनी जवळून पाहिले होते. वडिलांचे व्रत त्यांनी चालू ठेवले आणि १९७० साली सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. दिवस बरे नव्हते. १९६८ साली इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला परदेशी वस्तीविरुद्ध जहाल भाषण केले होते, आणि काळ्यासावळ्या माणसाला रस्त्यात टोमणे, कधी मारही, खावा लागे. १९७६ साली साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा भर रस्त्यात खून झाला. तोवर ब्रूस लीचे सिनेमे येऊन गेले होते आणि पोरांना कराटे हवेसे वाटू लागले होते. त्यांना दोष कोण देईल? तरी मला वाटते, भित्र्या मुलाच्या हाती नुसती मूठ दिली तर तो मूठवाला भित्रा होतो. भीती वाटत असतानाही श्वास संथ ठेवणे हे आधी यावे लागते, आणि चांगला कराटेगुरूही पहिल्या दिवशी गुडघे टेकून स्वस्थ बसायलाच सांगतो.

तेव्हा तिकडे निघालेल्या आपल्या मुलामुलींनी कराटे, ज्यूडो जे आवडेल ते जरूर शिकावे. पण वर्ग आठवड्यातून दोनदा, आणि एकटेपणा रोजचा. नमस्काराला गुरुजी लागत नाहीत, फी लागत नाही, पलंगाशेजारची माणसाच्या उंचीइतकी जमीन पुरते. पहिल्या आठवड्यात सहा, मग बारा. राजेसाहेबांसारखे शेकड्यांनी घालण्याच्या फंदात कोणी पडू नये. पाठीचे दुखणे किंवा रक्तदाब असेल त्यांनी, आणि गरोदर स्त्रियांनी, आधी डॉक्टरांना विचारावे. पोट रिकामे असावे. खाली कोणी राहत असेल तर पाय मागे टाकताना धप्पदिशी आवाज करू नये, लंडनच्या जुन्या घरांच्या लाकडी जमिनी फार चहाड्या करतात.

एक शंका हमखास येते, की सूर्यच दिसत नाही तर नमस्कार कोणाला? पूर्व कुठे ते एकदा नकाशात पाहून ठेवावे आणि त्या भिंतीकडे तोंड करावे. बारा नावे घरी क्रिओल बोलणाऱ्या मुलांनाही आठवड्याभरात पाठ होतात. गणपतीच्या आरत्या पाठ होतात तशीच. जायच्या आधी महिनाभर आजोबांबरोबर अंगणात म्हटली तर विसरतही नाहीत. तिकडे सकाळी सातला दिवा लावून सुरुवात केली, की बारा नमस्कारांना पाच-सात मिनिटे लागतात. डिसेंबरात उजाडायला त्यानंतरही तासभर असतो.