हलणारा नळ आणि अंधपंगुन्याय

मोठ्या संकटांपेक्षा लहान उपाधीच संसारी माणसास अधिक शिणवितात, असा आमचा अनुभव आहे. गेल्या महिन्यात आमच्या न्हाणीघरातील चिनी मातीच्या बेसिनावरील नळ हलू लागला. पाणी उत्तम येत होते. म्हणून घरातील सर्वांनी, आम्ही धरून, तिकडे दुर्लक्ष केले. एके दिवशी आमच्या ८६ वर्षांच्या मातोश्री तोंड धुऊन वळताना आधारासाठी नळ धरावयास गेल्या. तो गर्रकन् फिरला व त्यांचा तोल गेला. सूनबाई शेजारीच होत्या, म्हणून निभावले.

नळ वर दिसतो. त्यास धरून ठेवणारा नट मात्र बेसिनाच्या पोटाखाली असतो. नळाचा आटे पाडलेला भाग भांड्याच्या भोकातून खाली उतरतो. त्यावर रबरी चकती व नट चढवून तो आवळलेला असतो. हा नट सैल झाला, की वरून कितीही पिळले तरी व्यर्थ. शिवाय त्या भोकातून पाणी खाली झिरपते, ते निराळेच.

आम्ही चटई अंथरून बेसिनाखाली शिरण्याचा यत्न केला. मान आत गेली, खांदे बाहेर राहिले व गुडघ्यांनी असहकार पुकारला! भिंत व भांडे यांमधील सांदीत साधा पाना फिरत नाही. तेथे बेसिनाचा लांब पाना लागतो. त्याच्या उभ्या दांड्याच्या माथ्यावर कलता जबडा व तळाशी आडवी मूठ असते. जबडा वर नटास धरतो, मूठ खाली मोकळ्या जागेत फिरते. जबडा एका बाजूस कलविला तर नट आवळता येतो, दुसऱ्या बाजूस कलविला तर सोडविता येतो.

अखेर आमची १२ वर्षांची नात विजेरी घेऊन आत शिरली. प्रथम खालची तोटी बंद केली. चकती शाबूत असल्याची खात्री करून घेतली. आम्ही वरून नळ सरळ व घट्ट धरला. तिने खालून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने नट आधी हाताने, मग पान्याने थोडाथोडा आवळला. येथे बळाचा अतिरेक नको. चिनी माती तडकते.

ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत प्रकृतिपुरुषांच्या संयोगास आंधळ्या-पांगळ्याच्या जोडीची उपमा दिली आहे. तो न्याय आम्ही विद्यार्थ्यांस अनेकदा समजावून दिला; स्वतःस मात्र तो परवा उमगला. आम्हांस युक्ती ठाऊक होती, वाकवत नव्हते. तिला वाकता येत होते, युक्ती ठाऊक नव्हती. एकत्र कुटुंबाचे मर्म याहून निराळे ते काय?

नळ आता हलत नाही. परंतु नळ हा काही आधार नव्हे, हेही ध्यानी आले. म्हणून शेजारच्या भिंतीत, नुसत्या फरशीत नव्हे तर आतील विटेपर्यंत खिळवून, एक पोलादी मूठ बसविली. मातोश्री आता तीच धरतात. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, त्या वाचकांनी आपला नळ आजच एकदा हलवून पाहावा.